उजव्या चाकाची चकती

मित्रांनो, मी एक जुना हब, म्हणजे चाकाच्या मधला तुंबा आहे, मोंटानातल्या एका ट्रकच्या पुढच्या डाव्या चाकात बसवलेला. माझा जुळा उजव्या चाकात असतो. आमच्या तोंडावर एकेक चकती आहे. गाडीतला दांडा ओढला की इंजिनाची ताकद पुढच्या आसापर्यंत येते खरी, पण चकती हाताने फिरवल्याशिवाय ती चाकात उतरत नाही. दोघांपैकी एकाचीच फिरवली, तर सगळी ताकद मोकळ्या बाजूला वाया जाते आणि पुढची दोन्ही चाकं ढिम्म राहतात. मी एकटा शहाणा असून काही उपयोग नाही.

आमचे मालक आर्विड आणि सेल्मर हे सख्खे भाऊ. घर एक, गुरं एक, पण एक वळू विकण्यावरून अकरा वर्षं अबोला. गाडी आर्विड चालवायचा आणि त्याची बायको इंगा दोघांच्या मधे बसायची.

"इंगा, त्याला सांग, फाटक नीट लाव. कालच्यासारखं गुरांना आमंत्रण नको."

"त्याला म्हणावं, तू गाडी बघ. फाटकाचं मला कळतं."

"मी काय टपालखातं आहे का रे?" इंगा म्हणायची.

हिवाळ्यात फाटकापाशी आर्विड उतरून मला फिरवी. सेल्मर फाटक उघडी आणि माझ्या जुळ्याला फिरवी. मग इंगा विचारी, "दोन्ही झाल्या ना?" दोघं नुसते हुंकार देत.

जानेवारीतल्या एका दुपारी इंगाच्या छातीत कळ आली. दवाखाना चाळीस मैलांवर, आणि फाटक बर्फात रुतलेलं. सेल्मरने ते खांद्याने ढकललं आणि बधिर हातांनी तसाच धावत येऊन आत बसला. जुळ्याची चकती राहून गेली. इंगा डोळे मिटून कण्हत होती. विचारणार कोण?

चढावर मागची चाकं जागच्या जागी गरगरू लागली. आर्विडने दांडा पुन्हा पुन्हा ओढला. मी गच्च जोडलेला होतो, पण माझ्यापर्यंत काही पोचलंच नाही. सेल्मर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणायला पळाला. तो परतायच्या आत इंगा गेली.

आर्विड बराच वेळ तिचा हात धरून बसला. मग काहीतरी करायचं म्हणून फावड्याने चाकांजवळचा बर्फ उपसू लागला. उजव्या चाकापाशी तो थांबला. चकती मोकळी होती. लांबून ट्रॅक्टर येताना दिसत होता. त्याने हातमोजा काढला आणि चकती गुपचूप फिरवून ठेवली.

"काय झालं होतं गाडीला?" सेल्मरने विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच थेट भावाला.

"आस तुटला," आर्विड म्हणाला. "तुझ्यामाझ्या हातात काही नव्हतं."

तेव्हापासून मी गोठ्यामागे गंजतो आहे. सेल्मर अधूनमधून म्हणतो, "दुरुस्त करून घेऊ या." आर्विड म्हणतो, "राहू दे." आता ते एकमेकांशी बोलतात.

मित्रांनो, काम दोघांत वाटलेलं असेल तर भांडण बाजूला ठेवून एकदा विचारत जा. माझ्यात बिघाड कधीच नव्हता, हे फक्त तुम्हांला सांगितलं. सेल्मरला मात्र सांगू नका.