सेवाबंदीचा उद्घाटन सोहळा

बू वुर्यानींना, म्हणजे तालुका कचेरीतल्या जुन्या वुर्यानीबाईंना, टाइपरायटरचे दिवस अजून आठवत. तेव्हा कचेरी बंद करायची म्हणजे एक दार ओढायचं आणि किल्ली पर्समध्ये टाकायची. आता प्रत्येक संगणकाला न दिसणारी कितीतरी दारं. कुठे जुनी फॅक्सची सेवा, कुठे फायली साऱ्या जगाला खुल्या, कुठे घरबसल्या दुरून संगणक चालवायची सोय. कोणी मागितलं नव्हतं, पण सगळं चालू.

प्रांताच्या कचेरीने बजावलं होतं, "शुक्रवारी दुपारी आम्ही इथूनच तपासू. नको त्या सेवा चालू दिसल्या तर तुमची जोडणी तोडू." जोडणी तुटली की डोंगरावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ओळखपत्रासाठी बस बदलत शहर गाठावं लागणार. खिडकीवर येणारी ती माणसं बू वुर्यानींच्या ओळखीची होती.

तंत्रज्ञ एंडाहने गुरुवारीच सगळं बंद करून टाकलं. बू वुर्यानींनी ही आनंदाची बातमी पाक चामातांना, म्हणजे तालुक्याच्या साहेबांना, दिली. साहेबांचा चेहरा पडला.

"बंद केलं? उद्घाटनाशिवाय?"

"पाक, यात उघडायचं काही नाही. फक्त बंद करायचंय."

"मग बंदचं उद्घाटन! नव्या संडासाची फीत मीच कापली होती ना, बू?"

"हो पाक. छान कापलीत."

साहेबांना 'नाही' म्हणायची त्या कचेरीत रीत नव्हती. साहेबांना एका बटणाने बंद करता याव्यात म्हणून शुक्रवारी एंडाहने दातओठ खात सगळ्या सेवा पुन्हा चालू केल्या. फलक लागला. पिवळ्या भाताचा उंच सुळका, तुम्पेंग, सजला. साहेब बोलायला उभे राहिले आणि संगणकाच्या सुरक्षेवरून लहानपणीच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर घसरले.

तेवढ्यात एंडाह हातात फोन घेऊन बू वुर्यानींच्या कानाशी लागली. "बू, प्रांतातून आहे. म्हणतात, तुमची दारं सताड उघडी! आत्ता तोडतायत."

"मग जा, दाब ते बटण."

"मी? पाक बोलतायत! तुम्हीच थांबवा ना त्यांना."

"अगं, इतक्या वर्षांत एकाही साहेबाला थांबा म्हटलं नाही मी."

साहेब श्वास घ्यायला थांबले. बू वुर्यानींनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. साहेबांसाठी टाळ्या वाजत असताना हात बांधून बसणं कोणाला परवडणार? अख्खी कचेरी कडाडली. आपलं भाषण इतकं रंगतं हे साहेबांनाही नवीनच होतं. ते गहिवरले आणि त्या भरात त्यांनी बटण दाबलं.

"हं, आता बंद दिसतंय," फोनमधला आवाज म्हणाला.

"पाक, डोळे मिटले तुमचे!" फोटोवाला ओरडला. "सगळं परत चालू करा, अजून एकदा घेऊ."

साहेब हसत एंडाहकडे वळले. बू वुर्यानींनी घाईघाईने तुम्पेंगचा शेंडा कापला, मानाने साहेबांच्या दोन्ही हातांत दिला आणि फोटोवाल्याला म्हणाल्या, "तोच छाप, बाळा. पाक प्रार्थना करत होते."