पूर्ण बाही

डाव्या दंडावर, कोपरापासून चार बोटं वर, एक डाग होता. लांबी साधारण पाच सेंटिमीटर, रुंदी दोन. मधे जांभळा, भोवती हिरवट आणि कडेला फिकट पिवळा. ताईंनी आरशासमोर हात उजेडाकडे वळवून तो नीट पाहिला. रक्त तपासणीच्या लॅबमध्ये त्यांची सतरा वर्षं गेली होती. त्वचेखाली सांडलेलं रक्त शरीर हळूहळू मोडून काढतं आणि त्यातूनच हे रंग येतात, असं त्या नव्या मुलींना शिकवायच्या. हा डाग मात्र त्यांनी कुणाला दाखवला नव्हता.

उन्हाळा लागला होता. कपाट उघडायचं, जाड कपडे वर टाकायचे, पातळ खाली काढायचे आणि वर्षभर कपडे घेऊनही घालायला काही नाही म्हणून कपाळावर हात मारायचा, हे तुमच्याआमच्या घरी दरवर्षी होतं. ताईंच्या कपाटात तेरा ड्रेस होते. तेराही पूर्ण बाह्यांचे, बंद गळ्याचे, गडद रंगाचे.

"ताई, तुमची स्टाइल किती छान आहे हो," लॅबमधल्या मुली म्हणायच्या. "नटणं नाही, मुरडणं नाही." एकीने तर अगदी तसाच ड्रेस शिवून घेतला होता. ताई तेव्हा हसल्या होत्या. ही स्टाइल लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात सुरू झाली होती. त्या दिवशी नवऱ्याने पहिल्यांदा त्यांचं मनगट पिरगाळलं होतं.

त्यानंतरची पंधरा वर्षं ताईंनी काढली. तेरा वर्षांच्या लेकीला, बारकीला, तो हात लावत नाही, या एका वाक्याच्या आधारावर त्यातली बरीचशी निघाली.

कपडे शिवणाऱ्या काकूंचं दुकान त्यांच्याच गल्लीत, एका जिन्याखालच्या खोलीत होतं. दोन मशिनी, एक इस्त्री, एक उभा आरसा, आणि काकूंची अखंड चालणारी जीभ.

"परत पूर्ण बाही?" काकूंनी टेप गळ्यात टाकत विचारलं. "बाहेर डांबर वितळतंय. तुम्ही काय आत पंखा बसवून घेता?"

"सवय आहे."

"सवय मलाही आहे, गिऱ्हाईक सांगेल ते शिवायची. पण एक सांगा, तुम्हाला स्वतःला काय आवडतं?"

प्रश्न सोपा होता. काय झाकतं, काय चालवून घेतलं जाईल, कुठल्या कापडावरचा रक्ताचा डाग गार पाण्याने निघतो, हे ताईंना पाठ होतं. याचं उत्तर मात्र सापडेना. फळीवर एक पातळ सुती कापड होतं, लिंबाच्या सालीच्या रंगाचं. त्यांचा हात आपोआप तिकडे गेला.

"हे," त्या म्हणाल्या. "बाही कोपरापर्यंत. गळा थोडा मोठा." आवाज गुन्हा कबूल करावा तसा होता.

टेप दंडावर आवळली तशा त्या कळवळल्या.

"काय झालं?"

"दार लागलं."

"तुमच्या घराला दारं फार दिसतात, ताई," काकू म्हणाल्या, आणि माप वहीत लिहून मोकळ्या झाल्या.

दहा दिवसांनी, सोमवारी सकाळी सात वाजता, ताईंनी तो ड्रेस घातला. हातांना वारा लागला. आरशातली बाई त्यांना अनोळखी वाटली, पण ओळख करून घ्यावीशी वाटली.

नवरा चहाचा कप घेऊन आत आला. टाइल्सच्या दुकानात तो मॅनेजर होता. गिऱ्हाइकांशी बोलताना त्याच्या जिभेवर साखर असायची.

"हे काय?"

"नवीन शिवलंय. उकडतं फार."

"कुणाला दाखवायला?"

"मला आवडलं म्हणून."

त्याने कप शांतपणे टेबलावर ठेवला. मग बाही मुठीत धरून हिसका दिला. आधी कापड फाटलं, मग ताई कोलमडल्या. कपाळ कपाटाच्या कडेवर आपटलं. त्याने केस धरून डोकं मागे ओढलं आणि पुन्हा त्याच कडेवर आपटलं. त्या खाली पडल्या तेव्हा त्याच्या पायात बूट होते. बरगड्यांत एक लाथ, दोन, तीन, चार. प्रत्येक लाथेला तो विचारत होता, "आवडलं? अजून आवडतंय?"

दारात बारकी दप्तर घेऊन उभी होती. ती किंचाळली नाही, पुढेही आली नाही. मारणं थांबल्यावर तिने पेलाभर पाणी आणलं आणि फडकं ओलं करून आईच्या कपाळावर धरलं. तिचे हात सराईत होते.

नवऱ्याने शर्ट नीट खोचला. "संध्याकाळी मी आलो की घरी दिसायला पाहिजेस."

जिन्यात शेजारचे काका भेटले. भिंत एकच असल्याने त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"काय काका, उन्हाळा वाढला," नवरा म्हणाला.

"हो ना, फारच," काका म्हणाले.

संध्याकाळी सहाला ताई फाटका ड्रेस घेऊन काकूंकडे गेल्या. अंगात पुन्हा जुना पूर्ण बाहीचा ड्रेस होता, कपाळावर पट्टी होती. शाळा सुटल्यावर बारकीही तिथेच आली. मशिनीजवळ दोन बायका आपापल्या कपड्यांसाठी थांबल्या होत्या.

काकूंनी फाटलेली जागा दिव्याखाली धरली. "शिवण उसवली असती तर माझी चूक म्हटलं असतं. शिवण शाबूत आहे. कापड फाटलंय. नवं कापड आपलं आपण असं फाटत नाही, ताई."

बारकीच मधे बोलली. "काकू, मलाही उन्हाळ्याचे दोन ड्रेस शिवायचेत. पूर्ण बाही. आईसारखी स्टाइल."

काकूंनी माप घ्यायला तिच्या गणवेशाची अर्धी बाही वर सारली आणि त्यांचा हात थांबला. दंडावर चार बोटांचे ठसे होते.

"सकाळी मधे पडले ना, तेव्हा लागलं," बारकी घाईने म्हणाली.

सकाळी ती मधे पडली नव्हती. आणि ठशांच्या कडा पिवळ्या होत्या. रंगावरून दिवस नेमका सांगता येत नाही, पण पिवळा रंग यायला निदान अठरा तास लागतात. सकाळपासून अकराच झाले होते.

"कधी?" ताईंनी विचारलं.

"गुरुवारी. तुझी दुपारची पाळी होती." मुलगी टेपच्या टोकाशी चाळा करत होती. "कुणी विचारलं तर दार लागलं म्हणणार होते."

ताई स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांचा आधार तिथल्या तिथे मोडला.

काकूंनी मशिनीचं बटण बंद केलं. "मला सगळं कळत होतं, ताई. नऊ वर्षं तुमच्या बाह्या मी शिवल्या. मला काय, गिऱ्हाइकाच्या घरात नाक खुपसायचं नाही, म्हणत राहिले. तुमच्या शेजाऱ्यांनी भिंतीकडे पाठ केली, मी मशिनीकडे तोंड केलं. तो मारतो तो एकटा. पण झाकायला आपण किती जण आहोत बघा! आणि आता ही पोर मारालाच स्टाइल समजायला लागली. हिला मी पूर्ण बाही शिवणार नाही. तुम्ही भांडलात तरी नाही."

बाहेर गाडी थांबली. नवरा दारात आला. थांबलेल्या बायकांकडे बघून हसला.

"चला. घरी कुलूप आहे आणि तुम्ही इथे फॅशन करताय."

कुणी हललं नाही. त्याने पुढे होऊन बारकीचा दंड धरला, बरोबर त्याच ठशांवर. बारकी कळवळली. काकू आडव्या आल्या तशी त्याने त्यांना ढकललं. काकू मशिनीवर आदळल्या, हनुवटी फुटली, रक्ताचे थेंब कापलेल्या कापडावर पडले. इस्त्री खाली कोसळली. थांबलेल्या बायकांपैकी एक दाराबाहेर पळाली. दुसरी उठली, दार अडवून उभी राहिली आणि फोन काढून म्हणाली, "पोरीला सोडा. मी बघतेय सगळं."

इतकं साधं वाक्य त्या घराबद्दल पंधरा वर्षांत कुणी बोललं नव्हतं. नवऱ्याची बोटं सैल झाली.

वाचकहो, आपल्या ओळखीतही एखादी बाई भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत झाकून फिरत असेल. ती तिची आवडही असू शकते. पण विचारायला हवं, आणि दार लागलं या उत्तरावर थांबायचं नाही. मारणाऱ्याला सर्वांत जास्त बळ मिळतं ते आपल्या न बघण्यातून. आणि सोसणारीला वाटतं, मी सोसलं की मूल वाचेल. मूल वाचत नाही. ते सोसायला शिकतं.

ताईंनी फडकं घेऊन काकूंच्या हनुवटीवर दाबून धरलं. दुसऱ्या हाताने बारकीला आपल्यामागे घेतलं. बरगड्या ठणकत होत्या, श्वास अर्धाच येत होता. नवरा हळू आवाजात म्हणाला, "तमाशा पुरे. घरी चल, मग बोलू."

"आम्ही घरी येत नाही," ताई म्हणाल्या. "मी पोलिसांत तक्रार द्यायला चालले आहे."