माझ्यावर फुलदाणी ठेवली तो दिवस

मी एक जुना हार्पसिकॉर्ड आहे आणि मी रागावलेलो आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू आपली कहाणी सांगताना सहसा उसासे टाकतात. मला ते जमत नाही. उसासा निघण्याआधीच माझा राग बाहेर येतो.

तुमच्यापैकी अनेकांनी माझे नाव ऐकले नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. दिसायला मी पियानोचा सडपातळ चुलतभाऊ. वयाने मात्र आमचे घराणे थोरले, पियानो खूप नंतर आला. त्याच्या पोटात छोट्या हातोड्या असतात आणि त्या तारांवर आपटतात. मी आपटाआपटी करत नाही. माझी पट्टी दाबली की आत एक बारीक लाकडी काठी वर उडते. तिला जॅक म्हणतात. तिच्या टोकाशी पिसाच्या देठाची नखी बसवलेली असते. ती तार छेडते आणि काठी पुन्हा जागेवर बसते. माझा आवाज मोठा नाही, पण स्वच्छ आहे. ऐकायचा असेल तर तुम्हाला आधी गप्प बसावे लागते.

मला एका मिस्त्रीने बनवले. माझ्या तारांखाली एक पातळ फळी आहे, तोच माझा गळा. मिस्त्री ती रंध्याने तासायचा, बोटाच्या पेराने टकटक करायचा, कान लावून ऐकायचा आणि पुन्हा तासायचा. नख्या त्याची बायको कापत असे. नखी जाड राहिली तर हा कर्कश बोलेल आणि घरात एक कर्कश माणूस पुरे आहे, असे ती नवऱ्याकडे बघत म्हणायची. मिस्त्री हसून फळीवर फुंकर मारायचा. मित्रांनो, माझ्याशी इतक्या मायेने वागणारे माणूस त्यानंतर मला एकच भेटले.

ती म्हणजे ताई.

ताईंच्या वडिलांनी एक छोटा वाद्यवृंद उभा केला होता. युरोपातले राजेरजवाडे डोक्यावर केसांचे टोप घालून बसत, त्या काळातले संगीत हा वाद्यवृंद वाजवायचा. वडिलांनी मला घरी आणले तेव्हा ताई दोन वेण्या घालायच्या. त्यांचा धाकटा भाऊ माझ्याखाली शिरून लपाछपी खेळायचा. पुढे ताई माझ्यापुढे बसू लागल्या आणि भाऊ वाद्यवृंदाचा कारभार पाहू लागला. वडील गेल्यावर सगळी सूत्रे त्याच्या हाती आली. वयाने मोठे असोत की लहान, सगळे वादक त्यांना ताई आणि भाऊ म्हणूनच हाक मारत.

त्या संगीतात माझे काम साथीचे. व्हायोलिन मिरवते, बासरी लाडात येते, आणि मी त्यांच्या पायाखाली पायऱ्या मांडत जातो. घराचे कौतुक करताना पायऱ्यांचे नाव कोण घेणार? तसे माझे होते आणि तसेच ताईंचे. वडील म्हणायचे, साथ करणाऱ्याने साथच करावी. ताई मान खाली घालून साथ करत राहिल्या. एकदा त्या तापाने अंथरुणाला खिळल्या आणि वाद्यवृंद आमच्याशिवाय वाजला. तेव्हा म्हणे एक श्रोता बाहेर पडताना म्हणाला, आज काहीतरी कमी होते, काय ते कळले नाही. आमच्या वाट्याला आलेली सगळ्यात मोठी शाबासकी ती!

शाबासकी नसली तरी चालेल, पण हेळसांड का? तालमीच्या खोलीत माझे झाकण बंद झाले की मी वाद्य राहत नसे. माझ्यावर चहाचे कप यायचे, ओले कोट यायचे, कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक यायचा. ताई येऊन सगळे उचलायच्या, फडक्याने मला पुसायच्या आणि कोणाला काही बोलायच्या नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्याचाही मला राग यायचा. मला तोंड नाही, त्यांना तर होते ना?

मग तो मोसम आला. वाद्यवृंदाचा वर्षाचा शेवटचा कार्यक्रम नेहमी मोठा असे. बाहेरून नावाजलेले पाहुणे कलाकार यायचे, मधोमध उभे राहून कॉन्चेर्टो वाजवायचे आणि हार घेऊन निघून जायचे. कॉन्चेर्टो म्हणजे असे संगीत, ज्यात एक वाद्य पुढे येऊन बोलते आणि बाकीचे सगळे त्याला दाद देत साथ करतात. त्या वर्षी बैठकीत आमचे चेलोवाले काका उठले. ते अंगाने धिप्पाड, त्यांच्या मांडीत चेलोसारखे थोराड व्हायोलिनसुद्धा बाळासारखे दिसायचे. ते म्हणाले, यंदा पाहुणे नकोत, यंदा आपलीच माणसे पुढे येऊ देत. व्हायोलिन, बासरी आणि चेलो पूर्वार्धात. आणि उत्तरार्धात फक्त ताईंचा कॉन्चेर्टो. भाऊंनी खूप आढेवेढे घेतले, पण सगळे वादक काकांच्या बाजूने उभे राहिले तेव्हा त्यांना मान हलवावी लागली.

मित्रांनो, त्या दिवसानंतर ताईंची बोटे माझ्यावर वेगळीच पडू लागली. त्या कॉन्चेर्टोत एक जागा अशी आहे की सगळी वाद्ये थांबतात आणि हार्पसिकॉर्ड एकटाच धावत सुटतो. ती जागा त्या सकाळी वाजवत, स्वयंपाक उरकून वाजवत, बोटे दुखली की कोमट पाण्यात बुडवून पुन्हा वाजवत. त्यांच्या बोटांचे सांधे आता कुरकुरू लागले होते. पुढच्या वर्षी ही जागा हाताला येईल की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. काकांना त्या एकदाच म्हणाल्या, "आयुष्यभर सगळ्यांच्या मागून चालले. एकदा पुढून चालून बघते."

कार्यक्रमाच्या दुपारी त्यांनी मला रंगमंचावर सुरात लावले, झाकण अलगद मिटले आणि त्या कपडे बदलायला गेल्या.

तेवढ्यात भाऊ आले. सोबत सजावटीची माणसे होती. रंगमंच फार सुनासुना दिसतो, मधोमध काहीतरी हवे, असे भाऊंचे म्हणणे पडले. आणि मधोमध कोण होते? मी! माझ्या झाकणावर काचेची मोठी फुलदाणी ठेवली, काठोकाठ पाणी भरलेली. मग खुर्च्या सरकवताना एकीचा पाय माझ्या पायाला लागला. फुलदाणी कलंडली. पाणी झाकणाच्या फटीतून आत शिरले, तारांवरून ओघळले आणि माझ्या गळ्यावर, त्या फुंकर मारून घडवलेल्या फळीवर पसरले.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पाणी आत शिरल्याचे भाऊंनी पाहिले. मग त्यांनी काय केले? झाकण उघडले नाही. ताईंना हाक मारली नाही. खिशातून रुमाल काढला, मला वरवर पुसले, फुलदाणी उभी केली आणि मला ढकलत बाजूच्या खोलीत नेऊन ठेवायला सांगितले. माझ्या जागी सभागृहातला विजेवर चालणारा कीबोर्ड आणवला. त्यात बटण दाबले की माझ्यासारखा आवाज येतो म्हणे. माझ्यासारखा!

ताई आल्या तेव्हा भाऊ दारातच उभे होते. हवेत दमटपणा आहे, त्याने सूर उतरले, आजच्यापुरते कीबोर्डवर भागव, असे त्यांनी समजावले. श्रोते बसायला लागले आहेत, उगाच ताणू नकोस, असेही म्हणाले. ताईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही. त्या सरळ माझ्याकडे आल्या आणि त्यांनी झाकण उचलले. पाण्याचे थेंब त्यांच्या पायावर पडले. तारांमध्ये एक गुलाबी पाकळी अडकली होती. ती त्यांनी दोन बोटांनी काढली आणि भावासमोर धरली.

"दमट हवेत फुलं असतात का रे?"

भाऊ म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू गोंधळ घातला असतास."

"घातला असता," ताई म्हणाल्या. "आता घालते."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण इतक्या वर्षांत मी त्यांना असे बोलताना ऐकले नव्हते. त्यांनी अंगठी आणि बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या आणि बाह्या वर सारल्या. काका चेलो घेऊन रंगमंचाकडे निघालेच होते. ते दारात थबकले, आत डोकावताच त्यांना सगळे उमगले आणि ते एवढेच म्हणाले, "आम्ही तिकडचं बघतो. तू याला बघ."

कोणीतरी केस वाळवायचे यंत्र पुढे केले. ताईंनी ते परत पाठवले, गरम हवेने फळी तडकते. कोरड्या सुती फडक्याने त्यांनी तारांखालचे पाणी टिपून घेतले. माझे जॅक फुगून आपापल्या फटीत रुतून बसले होते. ते एकेक करून उपसायचे, पुसायचे, बारीक कागदाने घासायचे आणि परत त्याच जागी बसवायचे. एकाची जागा दुसऱ्याला चालत नाही. त्यासाठी ते ओळीने मांडून ठेवावे लागतात, आणि खोलीत टेबल नव्हते.

ताईंनी कोपऱ्यातला चहाचा ट्रे उचलला आणि भावाच्या हातात दिला. "धर. हलू नकोस. एक जरी इकडचा तिकडे झाला तरी सगळं पहिल्यापासून."

आणि मित्रांनो, कडक इस्त्रीचा सूट घातलेले भाऊ ट्रे धरून उभे राहिले. बाहेर मोठमोठी निमंत्रित मंडळी त्यांची वाट पाहत होती. खिशात फोन वाजून वाजून थकला. नाकावर घामाचा थेंब आला, तो पुसायला हात मोकळा नव्हता. मला आनंद झाला का? झाला. खोटे कशाला बोलू?

भिंतीपलीकडे कार्यक्रम सुरू झाला होता. व्हायोलिन वाजले, बासरी वाजली, पण खाली पायऱ्या नव्हत्या. सूर हवेत लटकल्यासारखे वाटत होते. मग काकांचा चेलो सुरू झाला. त्याचा मधला भाग संथ असतो. त्या संध्याकाळी काकांनी तो इतका संथ वाजवला, की श्रोत्यांना वाटले असेल, म्हातारबुवांना सुरावर डुलकी लागली. ते आमच्यासाठी वेळ काढत होते. ताई जॅक घासता घासता एकदा हसल्या आणि लगेच त्यांनी डोळे पुसले.

मध्यंतर लांबवले. सगळे जॅक नीट झाले नाहीत. माझ्यात तारांचे दोन संच आहेत, त्यातला एक ताईंना बंदच ठेवावा लागला. राहिलेल्या संचाच्या तारा त्यांनी पुन्हा सुरात आणल्या. भाऊ ट्रे खाली ठेवत म्हणाले, ताई, अजून विचार कर, अर्ध्या आवाजावर कसे वाजवशील.  ताईंनी मला ढकलायला भावालाच दुसऱ्या बाजूने हात लावायला सांगितले.

आम्ही पुढे गेलो. ताई बसल्या. त्या दिवशी माझा आवाज खरोखर अर्धाच होता. व्हायोलिनवाल्यांनी ते ओळखले आणि गज तारांना जेमतेम टेकवून वाजवू लागले. मग ती जागा आली. सगळे थांबले. ताई एकट्या धावत सुटल्या. दोन पट्ट्या मुक्या होत्या. तिसरी दाबली की खालीच राहायची. ताई तिला अंगठ्याने खालून उचकटत होत्या आणि बाकीच्या बोटांनी पुढे धावत होत्या. मी राजेरजवाड्यांसाठी लिहिलेले गोड संगीत वाजवत नव्हतो. कप, ओले कोट, ते रुमालाने वरवर पुसणे, सगळे सगळे माझ्या तारांतून बाहेर पडत होते, आणि ताईंच्या बोटांतूनही. सभागृहात कोणी खोकत नव्हते.

शेवटचा सूर लागला आणि त्याच क्षणी माझ्या फळीतून कडाड् असा आवाज आला. लोकांना वाटले, संगीतच तसे संपते. ते उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले. फक्त ताईंना कळले. त्यांनी वाकून अभिवादन करण्याआधी माझ्या कडेवर हात ठेवला. माझा गळा आरपार चिरला होता.

आता मी दुरुस्तीच्या खोलीत आहे. ज्या मिस्त्रीने मला बनवले तो आता नाही, पण त्याची मुलगी त्याच रंध्याने काम करते. तिने माझ्या चिरेत लाकडाची पातळ चीप बसवली आहे आणि सरस वाळायची वाट पाहते आहे. माझा जुना आवाज परत येईल असे वचन ती देत नाही. मला ते आवडले. खोटे वचन मला आणखी चिडवते.

काल भाऊ आले होते. ताई तिथेच बसल्या होत्या. भाऊ बराच वेळ दाराशी घुटमळले. मग म्हणाले, "ताई, चुकलं माझं. मला सांगायला हवं होतं."

ताई म्हणाल्या, "हो. सांगायला हवं होतं." मग त्यांनी भावाला खुर्ची दिली. पुढच्या मोसमात कोण काय वाजवणार हे आता आम्ही वादक ठरवू, तू सभागृहाचे बघ, असे त्यांनी शांतपणे सांगितले. भाऊंनी मान हलवली. या वेळी आढेवेढे घेतले नाहीत.

मित्रांनो, मी तुमच्याकडे दया मागत नाही. मी म्हातारा आहे, बिचारा नाही. माझे मागणे एवढेच, की जे गप्प उभे आहे ते रिकामे आहे असे समजू नका. त्याच्यावर काही ठेवण्याआधी आत काय आहे ते विचारा. आणि तुमच्या हातून पाणी सांडले, तर रुमाल काढू नका. झाकण उघडा आणि मोठ्याने हाक मारा. त्या दुपारी कोणी एक हाक मारली असती, तर माझा गळा आज शाबूत असता.

भाऊंनी ताईंची माफी मागितली, ते बरे झाले. जाताना ते माझ्याजवळ थांबले, चिरेकडे पाहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडले आणि मग नुसतेच खाकरून निघून गेले.

माझी माफी अजून मागायची राहिली आहे. सरस वाळायला वेळ लागतो. तोवर मी इथेच आहे.