स्तामेनाची हाळी

शोपांच्या, म्हणजे बल्गेरियात सोफियाभोवती राहणाऱ्या खेडुतांच्या, हट्टीपणाबद्दल शहरात जेवढे विनोद चालतात, ते सगळे खरे आहेत. स्तामेना तर अस्सल शोप, प्लाना डोंगराखालच्या खेड्यातली. सोळा वर्षांची पोर, पण घसा असा की पलीकडच्या उतारावरचं कुत्रं उठून बसावं. त्याच घशाच्या जोरावर ती युवा गायनवृंदात आली होती आणि आता दौऱ्यावर, व्हिएन्नाच्या भल्यामोठ्या सभागृहात उभी होती.

गवतकापणीच्या गाण्याची तालीम चालली होती. निम्म्या मुली रंगमंचावर, निम्म्या समोरच्या सज्जात. गावात हे गाणं असंच गातात. या उतारावरच्या बायका ओळ म्हणतात, शेवटी एकजण टिपेची हाळी देते, आणि ती कानावर पडली की पलीकडच्या बायका ओळ उचलतात. स्तामेनाने हाळी दिली. वृंदाच्या संचालिका रांगेलोवाबाईंनी तिथेच हात खाली टाकले.

"ही हाळी आजपासून बंद," त्या म्हणाल्या. "इथल्या लोकांना कान आहेत. आपण बकऱ्या हाकायला आलेलो नाही."

"मग पलीकडच्यांना कळणार कसं, बाई?"

"मी हाताने खूण करीन."

"गवत कापताना माझ्या आईला कुणी हात दाखवत नाही."

"तुझी आई इथे गात नाहीये. तोंडातून हाळी निघाली, की वृंदातून तू निघालीस. समजलं?"

शेजारची नेवेना कुजबुजली, "गप बस ना, गाढवे. अजून साल्झबुर्ग आहे, व्हेनिस आहे."

वृंद सुटला तर पुन्हा बटाट्याचं शेत आणि तोच डोंगर, हे स्तामेनालाही ठाऊक होतं.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. पहिलं कडवं हाळीशिवाय पार पडलं. बाईंनी हात उचलला, सज्जातल्या मुली गायल्या, सगळं कसं इस्त्री फिरवल्यासारखं. स्तामेनाला मात्र वाटलं, आईला दाराबाहेर उभं करून आपण आत जेवायला बसलोय. तिला स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी, बाईंचा हात वर जायच्या आत, तिने हाळी दिली.

पुढच्या रांगेतले एक आजोबा दचकून सरळ बसले. सज्जातल्या मुलींनी बाईंकडे पाहिलंच नाही, हाळीवर ओळ उचलली आणि आवाज दुपटीने वाढला. मग दर कडव्याला हाळी झाली. बाईंचे हात हवेत नुसते फिरत राहिले.

गाणं संपलं, टाळ्या संपेनात. पडद्यामागे आल्या आल्या बाई म्हणाल्या, "उद्या सकाळच्या बसने तू घरी."

"जाते."

तेवढ्यात सभागृहाचे व्यवस्थापक आत आले. लोकांना तेच गाणं पुन्हा हवं होतं.

"चला, जागेवर," बाई म्हणाल्या. मुली निघाल्या. स्तामेना भिंतीला टेकून उभीच.

"तुला काय अक्षता द्यायच्या?"

"हाळीसकट गायचं, की हाळीशिवाय?"

"ही वेळ आहे का विचारायची?"

"हीच आहे. हाळीशिवाय असेल तर मी इथेच बरी. नाहीतरी काढलंयच मला."

नेवेना मागे वळली आणि तिच्याशेजारी जमिनीवर फतकल मारून बसली. "माझेही पाय दुखतायत, बाई."

बाहेर टाळ्यांचा ठेका सुरू झाला होता. बाईंनी डोळे मिटले. "दे. हाळी दे. मेले शोप ते शोपच."

"आणि बसचं काय, बाई?" नेवेनाने लगे हात विचारून घेतलं.

"बसचं मी विचारलेलं नाही," स्तामेना म्हणाली. "हाळीचं विचारलं." आणि ती रंगमंचावर गेली.

ओळ संपत आली. तिने छाती भरून श्वास घेतला आणि हाळी दिली, थेट प्लाना डोंगराला पोचवायची असल्यासारखी. समोर रांगेलोवाबाई दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या. सज्जातल्या मुलींनी ओळ उचलली.