खताच्या ऐंशी खेपा

मित्रांनो, या मळ्यात माझ्याइतके जुने आता कोणी उरलेले नाही. मी एका चाकाची हातगाडी आहे. एका लोहाराने पाण्याच्या गळक्या टाकीचा पत्रा कापून माझे पोट घडवले, पुढे स्कूटरचे चाक बसवले आणि दांडे धरून अंगणात एक चक्कर मारून पाहिली. "जरा डावीकडे ओढते, पण दगा द्यायची नाही," असे तो म्हणाला. अकरा वर्षे मी त्याचा शब्द राखला. बाराव्या वर्षी जे घडले, ते आज सांगते.

मळा दोन जावांचा. थोरली फटकळ, पण कामाला वाघ. धाकटी अबोल आणि शंकेखोर. शहरातली चाळीस कुटुंबे मळ्यात वाटेकरी होती. लावणीला सगळ्यांनी हात लावायचा आणि पिकेल ते वर्षभर वाटून खायचे, असे ठरलेले. लावणीच्या दिवशी मुले माझ्या पोटात बसून फेऱ्या मारत आणि मला रंगीत खडूने मिशा काढत. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

त्या वर्षी थंडी लांबली आणि घरचे खत कुजलेच नाही. लावणी तर तोंडावर आली होती. तेव्हा रस्त्यापलीकडच्या तबेलेवाल्याने घोड्यांच्या लिदीचे खत देऊ केले. काळेभोर, भुसभुशीत खत होते ते. पहिली खेप भरताना तो अभिमानाने म्हणाला, "आमचं कुरण बघा एकदा. गवताशिवाय दुसरं पान उगवत नाही तिथं."

धाकटीचे फावडे हवेतच थांबले.

वाटेत तिने जावेला मनातली भीती सांगितली. कुरणात गवत सोडून बाकी सगळे मारणारे तणनाशक फवारले असेल, तर ते गवतातून घोड्यांच्या पोटात, लिदीतून खतात आणि खतातून आपल्या वाफ्यात येईल. आधी कुंड्यांत घेवडा लावून पाहू, तीन आठवडे थांबू, असे तिचे म्हणणे.

"तीन आठवड्यांत रोपं ट्रेमध्येच म्हातारी होतील," थोरली म्हणाली. "चाळीस घरं आपल्या तोंडाकडे बघतायत गं."

तेही खोटे नव्हते. धाकटीने माझे दांडे धरले. चार दिवसांत मी ऐंशी खेपा केल्या. खत इतके हलके होते की माझे चाक कुरकुरलेसुद्धा नाही.

लावणी झाली. टोमॅटो, काकडी, वाटाणा सगळे ओळीत उभे राहिले. मुलांनी मला पुन्हा मिशा काढल्या. धाकटीने मात्र घरामागे गुपचूप सहा कुंड्या भरल्या होत्या. मी तिथेच भिंतीला टेकून होते. बाराव्या दिवशी घेवड्याची पाने वर आली ती मूठ आवळल्यासारखी. धाकटीने उकिडवे बसून एकेक पान उलगडून पाहिले. मग तिने कुंड्यांवर पोते टाकले. वाफ्यातली रोपे अजून हिरवीगार होती, आणि कदाचित ती तशीच राहतील, अशी वेडी आशा तिला होती.

दोन दिवसांनी टोमॅटोचे शेंडे दोरीसारखे पिळवटू लागले. थोरलीला वाटले, पाणी कमी पडले. तिने पाणी वाढवले. मग वाटले, गारठा बाधला. तिने रोपांवर कापड घातले. रोज सकाळी कापड उचलले की पीळ एक ओळ पुढे सरकलेला असे. अखेर धाकटीने एक कुंडी आणून तिच्यासमोर ठेवली.

थोरली माझ्या काठावर टेकली. "रविवारी सगळ्यांना बोलाव," ती म्हणाली.

"दोघी मिळून सांगू, ताई. इतके दिवस मीही गप्प राहिले."

"नाही. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. एवढंच मला माझ्या तोंडानं सांगायचंय."

आणि तिने ते चाळिसांसमोर उभे राहून सांगितले. कोणी आरडाओरडा केला नाही. पण अकरा कुटुंबे पुन्हा आली नाहीत. उरलेल्यांनी आपल्याच हातांनी लावलेली रोपे उपटली. त्या दिवशी माझ्या पोटात एकही मूल बसले नाही. तणनाशक लिदीतूनही पुढे जाते, हे तबेलेवाल्याला ठाऊकच नव्हते. तो ओशाळला आणि वरवरचे खत त्याने परत नेऊन आपल्याच कुरणात पसरले. ते मीच वाहिले. या वेळी मात्र ते मला फार जड गेले.

वाफ्यांत त्या वर्षी मका लावला. मका गवताच्याच कुळातला, म्हणून त्याला काही झाले नाही. एकोणतीस घरांनी तोच खाल्ला. या गोष्टीला आता चार वर्षे झाली. माती सुधारते आहे, तरी विहिरीकडच्या कोपऱ्यात घेवडा अजूनही मूठ आवळूनच उगवतो.

मित्रांनो, काम झाल्यावर मला धुवा, सावलीत ठेवा, चाकाला तेल द्या, एवढे तर मी मागेनच. पण त्याआधी, माझ्यात काही भरताना ते कुठून आले, त्यात काय मिसळले आहे, हे एकदा विचारा. मी भरेल ते वाहते. मला विचारता येत नाही. तुम्हाला येते.