आतली विभूती

गोलंदाज धावत आला, त्याचा हात वर गेला आणि टीव्ही काळा झाला. काळ्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी इकडून तिकडे तरंगू लागली.

“गेलं,” गंगासागरबाई म्हणाल्या, सुटलेल्या बसबद्दल बोलावं तसं. डाव्या हाताने त्यांनी मांडीवरचा गेमचा रिमोट उचलला आणि शेजारी पालथा ठेवला. उजवा हात होता तिथेच राहिला. त्याची बोटं हळूहळू आत मुडपली.

शिवांजली उठून उभी राहिली. ट्यूब जळत होती, टीव्हीला वीज होती. टेबलावरच्या गेमच्या मशीनचा हिरवा दिवा तेवढा विझला होता.

“लाईट तर हाय की,” ती म्हणाली.

“मग त्यालाच न्हाई खेळायचं.”

“मशीन हाय ते, आई. त्याला काय कळतंय?”

“तुला कावून इतकं लागलंय त्याचं? खेळवणारा गेला. आता हे बी चाललं त्याच्या मागं. जाऊ दे.”

शिवांजलीचं लक्ष आईच्या बोटांकडे होतं. गेल्या महिन्यात ती बोटं नुसती वाकलेली होती. आता अंगठा मुठीच्या आत शिरायला लागला होता.

घाटनांदूरला स्टेशनच्या रस्त्यावर शिवांजलीच्या वडिलांची, वैजिनाथआप्पांची पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या मागच्या अंगाला घर. दोन वर्षांपूर्वी गंगासागरबाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात राहिला. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हात वापरात ठेवा, नाहीतर बोटं मुठीतच अडकतील आणि मग कुणाच्याच्यानं उघडणार नाहीत. दाबायला रबरी चेंडू दिला. तो त्यांनी आठवड्याच्या आत गल्लीतल्या कुत्र्याला फेकून मारला, तेही डाव्या हातानं.

मग एका दुपारी आप्पा पोत्यात घालून हे जुनं मशीन घेऊन आले. बसस्टँडजवळ बजरंगचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथून. साठी उलटलेला माणूस, आयुष्यभर जात्याच्या घरघरीत राहिलेला. मोबाइलवर फोटोसुद्धा दुसऱ्याकडून काढून घ्यायचा. पण जेवणानंतर गिरणी बंद असायची तेवढा वेळ दोघं टीव्हीसमोर बसू लागले. आप्पा गोलंदाजी टाकायचे, बाई उजव्या अंगठ्यानं बटण दाबून बॅट फिरवायच्या. गल्ली हसली. दळण घेऊन आलेल्या एकीनं तोंडावर विचारलं, “आप्पा, या वयात पोरांचे खेळ व्हय?” आप्पा डबा तोलत म्हणाले, “तुमी बाया टीव्हीपुढं नुसत्या बसता. आमच्या घरची मॅच खेळती.”

अंगठा हलला, त्याच्यामागून तर्जनी हलली, आणि पुढच्या उन्हाळ्यात बाईंनी चहाचा कप उजव्या हातात धरून पाच घोट घेतले. ते सांगायला आप्पांनी लातूरला शिवांजलीला फोन केला होता. ती तिथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. फोनवर ते बराच वेळ पावसाबद्दल, ज्वारीच्या भावाबद्दल बोलले आणि शेवटी, ठेवता ठेवता म्हणाले, “तुजी आई चहा प्याली गं आज. त्या हातानं.”

पावसाळा सरताना आप्पा गेले. गिरणीतच, पट्टा चढवता चढवता खाली बसले आणि उठले नाहीत. लिंगायत रीतीनं समाधी दिली, मठाचे स्वामी येऊन गेले, पाहुणे पांगले. दुपारच्या वेळी टीव्हीसमोर कुणी बसेना. शिवांजलीनं रजा वाढवली. किती दिवस मागे लागल्यावर आई एकदा ‘बरं’ म्हणाली. पण मशीन सुरू केलं तर ते उफणणी यंत्रासारखं गरजायला लागलं. गिरणीचं घर, आत काय असणार ते उघड होतं. शिवांजलीनं मोबाइलवर बघून बघून ते उघडलं. पंख्याच्या पात्यांवर, पाकळ्यांच्या सांदीत पीठच पीठ. ज्वारीचं करडं, बाजरीचं काळपट. आप्पांच्या हातून उडालेलं. जुन्या दाढीच्या ब्रशनं तिनं ते वाटीत झाडून घेतलं आणि थोडा वेळ त्या वाटीकडे बघत बसली. मग आतले सगळे भाग घासूनपुसून, चकचकीत करून मशीन बंद केलं.

आवाज गेला. आणि तेव्हापासून ते मध्येच बंद पडायला लागलं.

“व्होल्टेज,” बजरंग म्हणाला. शिवांजलीनं मशीन इन्व्हर्टरवर लावून बघितलं. बंद पडलं. “मग वायर.” वायर बदलली. बंद पडलं. प्लग बदलला, टीव्हीची केबल बदलली, गेमची चकती मऊ फडक्यानं पुसली. कधी दोन षटकांत, कधी अख्खा डाव झाल्यावर, त्याच्या मनाला येईल तेव्हा ते डोळा मिटायचं. शेवटी तिनं ते बजरंगच्या दुकानात नेऊन ठेवलं. संध्याकाळी त्याचा फोन आला.

“ताई, मशीनला काई झालेलं न्हाई. दिवसभर चालू हाय माज्याकडं. एकदम झकास.”

“मॅच लावलीती का?”

“न्हाई, नुसतं चालू ठेवलंतं. मॅच कोन खेळत बसावं, गिऱ्हाईक बगू का चौके मारू?”

घरी आणलं. तिसऱ्या षटकात गेलं.

“पॉवर सप्लाय,” आता बजरंगनं निकाल दिला. “जुनं झालं ताई ते. टाकून द्या. काकूला मोबाइल घेऊन द्या, त्यावर गोळ्या फोडायचा गेम हाय, बाया लई खेळतेत.”

“आईला गोळ्या फोडायच्या न्हाईत. बॅटिंग करायची हाय.”

“तुमी आप्पाच्या बी वरच्या निगाल्या बगा,” बजरंग म्हणाला. “जात्याच्या दगडाला टाकीचे घाव घातल्याबिगर सोडायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बंद पडल्यावर आई बाजेवर आडवी होत म्हणाली, “सकाळी सकाळी जरा बरं चालतंय. दुपारचा त्याला बी माज्यासारखा कटाळा येतो.”

शिवांजली थबकली. “सकाळी जास्त चालतं?”

“मग? परवा थंडी होती तवा अख्खा डाव झाला की. तुज्या ध्यानात न्हाई?”

नव्हतं. तिनं टेबलफॅन आणून मशीनच्या अंगावर सोडला आणि एकटीच खेळायला बसली. पाच षटकं झाली. फॅन बंद केला. पुढच्याच षटकात पडदा काळा. म्हणजे ताप. आतला पंखा तर फिरत होता. आप्पा गिरणी चालू असताना अधूनमधून पिठाच्या धारेखाली तळवा धरायचे. पीठ किती गरम येतंय त्यावरून जात्याची तब्येत ओळखायचे. शिवांजलीनं मशीनच्या मागच्या जाळीपाशी तसाच तळवा धरला. बाहेर येणारा वारा थंड होता.

आत तापतंय आणि बाहेर थंड वारा येतोय. मग ताप आतच अडकतोय. कुठेतरी मधला दुवा तुटलाय.

तिनं जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं, स्क्रू एकेक करून बाटलीच्या टोपणात ठेवले. आई कुशीवर वळून बघत होती.

“आता परत कावून उघडायलीस? एकदा साफ केलंस तेच महागात पडलं.”

“काय पुसलं ते आठवायलेय. पीठ काढलं. पंखा पुसला. मग ही चिप…” मधोमध चौकोनी चिप आरशासारखी चमकत होती. तिच्यावर बसणारा जाड तांब्याचा पत्रा शिवांजलीच्या हातात होता, तोही लखलखीत. “हिच्यावर विभूती होती. ती तेवढी पुसली.”

“कसली इभूत?”

“आप्पांनी लावलेली. दसऱ्याला लावतात तसली. पांढरी, वाळून खपली झालेली. पत्र्यालाही होती.”

आई कोपरावर रेटून उठून बसली. खंडेनवमीला आप्पा अंघोळ करून गिरणीच्या मोटारीला, तराजूला, टाकीच्या हातोडीला विभूतीचे तीन-तीन पट्टे ओढायचे. गेल्या वर्षी या मशीनलाही ओढले होते. वरच्या झाकणावर ते अजून पुसट दिसत होते आणि शिवांजलीनं फडकं त्यांच्या कडेकडेनं फिरवलं होतं.

“वरून लावलीती त्यांनी,” आई म्हणाली. “माज्यासमोर. आतून कशाला लावतील? ते म्हणायचे, यंत्राच्या पोटात काई घालू नये, ना पाणी, ना इभूत. मोटारीला लावताना बी धार आत जाईल म्हणून कोरडी लावायचे.”

“मग त्यांनी हे उघडलंच न्हाई कधी?”

“एकदा बी न्हाई. आपल्या अकलेचं न्हाई म्हणले.”

शिवांजली हातातल्या पत्र्याकडे बघत राहिली. मग ते पांढरं काय होतं? कुणी लावलं होतं? ज्यानं मशीन बनवलं त्यानंच. तिनं मोबाइल उचलला, शोधलं, वाचलं, आणि पुन्हा एकदा सावकाश वाचलं. चिपेचा ताप तांब्यात उतरावा म्हणून मध्ये एक लेप भरतात. तो निघाला की दोन धातू एकमेकांवर नुसते टेकतात. ताप ओलांडत नाही. चिप तापते आणि जळू नये म्हणून मशीन स्वतःच डोळा मिटतं.

तिनं आईला सांगितलं.

“आणि पुसलेली ती इभूत कुठं टाकलीस?”

“बेलाच्या बुंध्याशी. पायदळी जाऊ नये म्हणून.” शिवांजलीनं मान खाली घातली. “थोडी कपाळाला लावली.”

आईच्या नाकातून फुस्सकन श्वास सुटला. खांदे हलायला लागले, पदर तोंडाशी गेला. “कंपनीची इभूत!” ती म्हणाली. “एवढी बुकं वाचलीस गं तू!”

आप्पा गेल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. शिवांजलीलाही हसू फुटलं, आणि ते आवरेना म्हणून ती टोपणातले स्क्रू सरळ करत बसली.

लेप अंबाजोगाईला मिळाला. कॉम्प्युटरच्या दुकानातल्या माणसानं लेप भरलेली, सुई नसलेली छोटी सिरिंज काउंटरवर ठेवत विचारलं, “कोणत्या कॉम्प्युटरसाठी पाहिजे मॅडम?”

“गेमचं मशीन आहे.”

“मुलाचं का?”

“आईचं,” शिवांजली म्हणाली आणि पिशवी उचलून परतीची बस गाठायला निघाली.

घरी आल्यावर हातपाय धुऊन ती थेट मशीनपाशीच बसली. चिपेवर उरलेली धूळ कोरड्या फडक्यानं टिपली, मधोमध मुगाच्या दाण्याएवढा लेप सोडला. आई या वेळी शेजारी खुर्ची ओढून बसली होती.

“अजून सोडू का?”

“बास. पीठ मळायचं न्हाई. इभूत बी इतकी थापत न्हाईत.”

तांब्याचा पत्रा बसवून शिवांजली कडेचा स्क्रू आवळायला लागली, तशी आईनं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

“असं एका अंगाला न्हाई. समोरासमोरचे घे. थोडा हा, थोडा तो. जातं बसवताना ते तसंच करायचे, न्हाईतर वरच्या दगडाचं पाळू कलतं.”

थोडा हा, थोडा तो. चारही स्क्रू बसले. झाकण लागलं. शिवांजलीनं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला आणि तिनं मागच्या जाळीपाशी तळवा धरला. काही वेळ काहीच नाही. मग वारा कोमट झाला, आणि थोड्याच वेळात चुलीपुढच्यासारखा गरम.

“येतोय,” ती म्हणाली. “आई, गरम वारा येतोय.”

आईनं रिमोट घेतला नाही. उठून आत गेली. शिवांजलीनं हाक मारली नाही. मॅच लावून ती एकटीच दोन्ही बाजूंनी खेळत राहिली, टेबलफॅन न लावता, ऐन दुपारी. पडदा काळा झाला नाही. एक डाव संपला. दुसरा सुरू झाला. गिरणीच्या बंद दारावर कुणीतरी डबा वाजवून गेलं. तरी ती उठली नाही.

दुसऱ्या डावाच्या मध्यावर आई परत आली. खुर्चीत बसली. डाव्या हातानं उजव्या हाताची मूठ उलगडली, एकेक बोट, जोर लावून, ओठ दाबून. रिमोट मांडीवर ठेवला, अंगठा उचलून बटणावर नेऊन टेकवला. तो घसरला. पुन्हा टेकवला.

“टाक,” ती म्हणाली.

शिवांजलीनं हळू चेंडू टाकला. बॅट उशिरा फिरली. दुसराही गेला. तिसऱ्याला अंगठा वेळेत दबला आणि चेंडू गडगडत कुठेतरी गेला, एक धाव. षटकामागून षटक झालं. आईच्या कपाळावर घाम आला होता.

“असं नको टाकू,” ती एकदम म्हणाली.

“कसं?”

“असं, दया केल्यासारखं. ते बी तसंच टाकायचे. इतक्या दिवसांत मला एकदा आउट केलं न्हाई त्यांनी. त्यांना वाटायचं मला कळत न्हाई.” तिनं अंगठा सरळ केला. “तू नीट टाक.”

शिवांजलीनं नीट टाकला. आईचा अंगठा दबला, पण कणभर उशिरा. मधली यष्टी उडाली. प्रेक्षकांचा गलका झाला. फलंदाज क्षणभर तिथेच उभा राहिला, मग बॅट काखेत मारून मैदानाबाहेर चालू लागला.

शिवांजलीचा हात सवयीनं बटणाकडे गेला. दाबलं की हे सगळं गाळून पुढचा खेळाडू येतो.

“दाबू नको,” आई म्हणाली. तिचे डोळे पडद्यावर होते. “चालायलाय त्याचा तो. जाऊ दे त्याला सावकाश.”

हिरवळ मोठी होती. तो हातमोजे काढत, मागे न बघता चालत राहिला. दोघी त्याला जाताना बघत बसल्या. तो पायऱ्या चढून आत दिसेनासा झाला तेव्हा आईचा अंगठा अजून बटणावरच होता.