ओल्या कुरणातले पाणटिवळे

तारेतून सुटलेला तंतू चार मिलिमीटर लांब होता. व्हायोलिनची ही सगळ्यांत बारीक तार मेंढीच्या आतड्याची, जाडीला अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. बोट जिथे सर्वाधिक पडतं तिथेच ती आधी विसकटते. रिक्स्तने नेलकटरने तंतू मुळाशी कापला, अंगठ्याला बदामाचं तेल लावून तार पुसली आणि स्वर ऐकला. अजून दोन मैफिली निघाल्या असत्या. फार तर तीन.

मार्चचा दुसरा आठवडा चालू होता. ईस्टरच्या आधीच्या या दिवसांत इथल्या प्रत्येक गावाला येशूच्या अखेरच्या दिवसांचं ते तीन तासांचं संगीत ऐकायचं असतं. एरवी चर्चकडे न फिरकणारी माणसंही येतात, कोट अंगावर ठेवून लाकडी बाकांवर बसतात आणि शेवटी टाळ्या न वाजवता घरी जातात. रिक्स्त एकतीस वर्षं या दिवसांत वाजवत आली होती. पहिली बारा वर्षं मागच्या रांगेत आणि नंतरची एकोणीस पहिल्या खुर्चीवर. जुन्या घाटाचं व्हायोलिन, हनुवटीला आधार नाही, खांद्याला उशी नाही. ते नुसतं गळ्याच्या हाडावर टेकवायचं. तिथे डाव्या बाजूला तिच्या कातडीवर रुपयाएवढा तपकिरी डाग होता. मागे कधीतरी एका माणसाने तो कसला म्हणून विचारलं होतं. त्यानंतर बरीच वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

त्यांच्या बारा जणांच्या चमूत समोर उभं राहून हात हलवणारं कुणी नव्हतं. अकरा जण रिक्स्तकडे बघत. ती नाकाने श्वास आत घ्यायची, त्या श्वासाच्या लांबीवरून लय कळायची आणि सगळे एकदम सुरू व्हायचे. जुनी पद्धत होती. शिकवून येत नव्हती, एकमेकांबरोबर वर्षं काढल्यावर यायची.

त्या दिवशी स्नेक या डच गावातल्या चर्चमध्ये तालीम होती. हार्पसिकॉर्ड हे पियानोसारखं जुनं वाद्य वाजवणाऱ्या हेस्टरची दोन पानं एकमेकांना चिकटली, म्हणून सगळे गज तारांवर टेकवून थांबले होते. खुर्च्या आत आणण्यासाठी बाजूचं दार उघडं ठेवलं होतं. त्या दारातून, बऱ्याच उंचावरून, एक आवाज आला. दोन स्वरांचा, दुसरा थोडा खरखरीत, पुन्हा पुन्हा. पाणटिवळे. आफ्रिकेतून निघालेले, पोर्तुगालच्या भातखाचरांत थांबून आलेले लांब चोचीचे पक्षी, या वर्षीचा पहिला थवा.

रिक्स्तने श्वास आत घेतला.

आणि हेस्टर सोडून सगळे वाजवू लागले. अचूक लयीत, सुरात, पण भलत्याच क्षणी. चार मात्रा गेल्यावर हेस्टरने हात वर केला.

"थांबा, थांबा. रिक्स्त, माझं पान अजून चिकटलेलंच आहे. तू कुठे होतीस?"

"कुठेतरी छान ठिकाणी असणार," चेलोवाला मार्टेन म्हणाला. "आधी सांगितलं असतंस तर मीही आलो असतो."

सगळे हसले. रिक्स्तही हसली. पण नंतर वाजवताना तिचं मन त्याच चार मात्रांपाशी घोटाळत राहिलं. एकोणीस वर्षांत संगीतासाठी नसलेला श्वास तिने कधी दिला नव्हता. आता दिला, तरी कुणाला शंकाही आली नव्हती. तिच्या मनात काय आहे हे जाणून घ्यायची कुणालाच गरज पडली नव्हती.

मधल्या वेळात हेस्टर दोन कप कॉफी घेऊन आली. दोघी संगीतशाळेत एका वर्गात होत्या, आणि हेस्टर तेव्हापासूनच वह्या-तारखा सांभाळायची.

"पुढच्या वर्षीचे दिवस ठरवायचेत. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या चर्चना कळवायचंय. तू अजून हो म्हणाली नाहीस."

"म्हणते."

"गेल्या वर्षीही 'म्हणते' म्हणालीस. शेवटी मीच लिहून टाकलं तुझं नाव."

"या वेळी लिहू नकोस."

हेस्टरने कप खाली ठेवला. "बरं नाहीये का तुला?"

"बरं आहे. शुक्रवारी फोन कर."

शुक्रवारी मैफल नव्हती. रिक्स्त सकाळच्या बसने भावाच्या शेतावर गेली. खांद्याला दुर्बीण, पाठीवर व्हायोलिन. ते हॉटेलात ठेवून जायचं तिच्या मनात कधीच आलं नव्हतं.

वोब्बे तिच्याहून सात वर्षांनी मोठा. गाई त्याने दोन वर्षांपूर्वी विकल्या होत्या. आता बारा मेंढ्या, एक म्हातारी कुत्री आणि वडिलांच्या मागे दोघांच्या नावावर राहिलेलं चार हेक्टर ओलं कुरण. वडील दर वसंतात त्या कुरणात घरटी शोधायचे. पाणटिवळा गवतातच अंडी घालतो. गवत कापणाऱ्या यंत्राला ती दिसत नाहीत, म्हणून घरट्याच्या दोन बाजूंना बांबूच्या काठ्या रोवून खूण करायची. रिक्स्त दहा वर्षांची असताना तिथे एकतीस घरटी होती. तिने ती वहीत मांडली होती, अंड्यांच्या संख्येसकट. व्हायोलिनच्या आधी तिला एवढं एकच काम येत होतं.

तीन वर्षांपूर्वी वोब्बे म्हणाला होता, "शेजारचा डुर्क कुरण मागतोय. खालून नळ घालून कोरडं करेल, वर भराभर वाढणारं गवत. एप्रिल संपायच्या आत पहिली कापणी. तू मार्च ते जून इथे येऊन राहणार असशील तर नाही म्हणतो त्याला. एकट्याच्याने होत नाही माझ्या." तिने विचार करते म्हटलं होतं. त्यानंतर दर वसंतात, कुठल्या ना कुठल्या गावातल्या हॉटेलातून ती फोन करायची आणि विचारायची, किती? एका वर्षी तो म्हणाला सहा. पुढच्या वर्षी म्हणाला पाच.

वोब्बे स्वयंपाकघरात काळ्या पावाला लोणी लावत होता.

"आलीस? आणि तेही घेऊन आलीस." त्याने व्हायोलिनच्या पेटीकडे सुरी रोखली. "मेंढीच्या आतड्यावर वाजवायला परदेशापर्यंत शाळा शिकलीस. मेंढ्या इथेच होत्या."

"तुझ्या मेंढ्यांची आतडी बेसूर निघाली असती."

"मालकावर गेलीत. बस, खा काहीतरी."

"आधी बघून येते."

ती कुरणाच्या बांधावर दोन तास उभी राहिली. टिटव्या चौदा. करडी हंसबदकं दोनशेच्या वर. पाणटिवळे दोनदा डोक्यावरून गेले, एकदा अकरा, एकदा चार. दोन्ही वेळा खाली न उतरता उत्तरेकडे. वारा बोचरा होता. फोनवर ऐकलेली सहा आणि पाच ही घरटी कुठे असतील, याचा तिच्या डोक्यात एक नकाशा होता. मैफिलीत जिथे ती एकटीच वाजवायची, तिथे मनाने ती त्या नकाशावर चालायची. सहा घरट्यांच्या वर्षी लोकांनी सांगितलं होतं की असं ते वाजलेलं त्यांनी पूर्वी ऐकलं नव्हतं.

तिने खिशातली पेन्सिल काढली आणि जमिनीत दाबली. दोन सेंटीमीटर गेली आणि अडली. आणखी नऊ जागी दाबून पाहिलं. कुठेही तीनच्या वर गेली नाही. पाणटिवळ्याची चोच दहा सेंटीमीटर लांब असते, आणि गांडुळं त्याला मऊ मातीतच मिळतात.

मग ती काठ्या आणायला गोठ्यात गेली. कोपऱ्यात जुडी होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीने बांधलेली. वर्तमानपत्र तीन वर्षांपूर्वीच्या जुलैचं होतं.

स्वयंपाकघरात येऊन तिने जुडी टेबलावर ठेवली.

"वोब्बे, गेल्या वर्षी पाच घरटी होती ना?"

"हो."

"मग खुणा कशाने केल्यास?"

वोब्बेने हातातला पाव खाली ठेवला. कुत्री उठली, दोघांकडे पाहून पुन्हा बसली.

"एकही नव्हतं," तो म्हणाला. "त्याच्या आदल्या वर्षीही."

"तेव्हा तर सहा म्हणालास."

"सहा जरा जास्त झालं. कबूल."

"का पण?"

"तू फोन करायचीस. आवाज असा यायचा, जसं काही कुणाच्या घरी पाहुणी म्हणून अंग चोरून बसलीयस. तासाभराने वाजवायला जायचं असायचं तुला. आणि विचारायचीस किती. शून्य सांगून फोन ठेवू?" त्याने सुरी पुसली. "मला गप्पा मारता येत नाहीत. आकडा येतो सांगता."

रिक्स्त बसली.

"पंप कधी बंद केलास?"

"कुठला?"

"ओढ्याचं पाणी कुरणात घेणारा. जमीन दगड झालीय."

"गुडघा गेला तेव्हा. रोज बांधावर जाऊन जाळी साफ करायची, नाहीतर तुंबतो तो. तीन वर्षं होतील उन्हाळ्यात." त्याने गुडघा चोळला. "आता डुर्कला हो सांगून टाकतो. पक्षीच नाहीत, तर पुन्हा पाणी धरायचं कुणासाठी?"

ती मनातल्या मनात मोजत होती. पंप बंद झाला, माती घट्ट झाली, पुढच्याच वसंतात घरटी शून्य. हवामान नव्हे, कोल्हे नव्हेत. जाळी साफ करायला माणूस नव्हतं, आणि ज्या माणसाला बोलावलं होतं ते 'विचार करते' म्हणून बसलं होतं. हे पक्षी वीस-वीस वर्षं जगतात आणि जन्मलेल्या जागेच्या आसपास परततात. सकाळी डोक्यावरून गेलेल्या पंधरांतले काही इथलेच असू शकत होते. वरून पाहून पुढे गेलेले. पाणी आणलं तर उतरतील का? एका वर्षात नाही. दोन-तीन वर्षांत कदाचित. नाहीही उतरणार. तोवर रोज सकाळी रिकाम्या कुरणावर जायचं आणि वहीत शून्य लिहायचं. आणि ईस्टरआधी न येणाऱ्याला कुठलाच चमू पहिल्या खुर्चीवर ठेवत नाही, ठेवूही नये. तिच्या हातात असतं तर तिनेही ठेवलं नसतं.

"खोटं बोललास म्हणून रागावलीस?" वोब्बेने विचारलं.

"सहा म्हणालास त्या वर्षी मी फार चांगलं वाजवलं होतं," ती म्हणाली.

"मग?"

"काही नाही. सांगितलं."

फोन वाजला. हेस्टरचा होता. वोब्बे उठून जायला निघाला, तशी रिक्स्तने हाताने त्याला बस म्हटलं.

"कुठे आहेस? मागे मेंढ्या ऐकू येतायत," हेस्टर म्हणाली. "यादी समोर घेऊन बसलेय. पुढच्या वर्षी सतरा मैफिली आहेत. लिहू ना?"

"नको."

"किती नको? दोन-चार गाळता येतील."

"सगळ्या."

पलीकडे कागद बाजूला सरकल्याचा आवाज झाला. "एका वर्षापुरतं ना? तेवढं मी कुणालातरी बसवीन तुझ्या जागी."

"एका वर्षापुरतं नाही, हेस्टर. मार्च ते जून मी दरवर्षी इथे असणार, कुरणावर. पहिली खुर्ची मी सोडतेय. तू ती दुसऱ्या कुणाला तरी दे."